आमच्यात पत्रिका नाही, रक्तगट बघतात

पट्टीवर माझ्या लेनमध्ये दोन रेघा उमटल्या तेव्हा मी आनंदानं उडीच मारली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोकांना वाटतं की मला तेव्हाच काहीतरी धस्स झालं असेल. काही झालं नाही. उलट मला वाटलं, वा, आख्ख्या बॅचमध्ये फक्त माझंच वेगळं आलंय.

एमएस्सीचं पहिलं वर्ष, वाघोलीचं कॉलेज, हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल. यात रक्ताचा थेंब एका पट्टीवर लावतात, दोन टोकांना करंट देतात आणि हिमोग्लोबिन हळूहळू एका बाजूला सरकायला लागतं. सगळ्यांचं साधारण एकाच वेगानं सरकतं, त्यामुळे शेवटी सगळ्यांच्या रेघा एका ओळीत येतात. कुणाच्या हिमोग्लोबिनची घडण जरा वेगळी असेल तर ते मागे राहतं. रक्त कोण देणार असं मॅडमनी विचारलं आणि अर्थातच मी हात वर केला, कारण मी कशालाही हात वर करते. माझी एक रेघ बाकीच्यांच्या ओळीत आली आणि दुसरी मागे रेंगाळलेली. दोन्ही अगदी स्पष्ट.

मॅडम आल्या, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "नाचू नका. रक्त तुमचं असलं तरी पट्टी कॉलेजची आहे."

मग सगळे हात धुवायला गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं की तुमचं मूळ गाव कुठलं. मी म्हटलं भंडारा जिल्हा, पण माझा जन्म हडपसरचा. त्यांनी मान हलवली. ही पट्टी शिकवण्यासाठी असते, हिच्यावरून निदान करत नाहीत, तेव्हा सरकारी हॉस्पिटलात जाऊन नीट तपासणी करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण टाळूही नका, हेही सांगितलं. सिकलसेल हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. तो मला लगेच सुचला, कारण आदल्याच आठवड्यात तो चॅप्टर झाला होता.

बसमध्ये बसल्या बसल्या मी ताईला मेसेज टाकायला सुरुवात केली. एकामागून एक, थांबलेच नाही. तुला माहितीये का, माझ्यात दोन प्रकारचं हिमोग्लोबिन आहे, एक ए आणि एक एस, एक आईकडून आलं असणार आणि एक बाबांकडून, आणि भारी म्हणजे दोघांपैकी कुणीच गप्प बसलेलं नाही, दोघं दिसतात. मुंढव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तिचं उत्तर आलं. "बरं. येताना कोथिंबीर आण."

ताई माझ्याहून मोठी. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन शेवटी सरकारी कार्यालयात क्लार्क झालेली, शांत, कुठलंही काम दोनदा तपासणारी. त्या दिवसांत तिचं लग्न ठरत आलं होतं. वारज्याचं स्थळ. मुलगा एका कंपनीत सपोर्टला होता आणि त्याचं घर मूळचं गोंदियाकडचं. स्थळ आत्यानं आणलं होतं. ताई आणि तो दोन-तीनदा बाहेर भेटले होते, आणि फोन आला की ताई गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायची. वाळलेले कपडे सुद्धा परत वाळत घालायची. म्हणजे ताईचं मन बसलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आता आत्याबद्दल. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा पत्रिका, पंचांग, मुहूर्त हे सगळं घरातून गेलं. याचा आत्याला फार अभिमान. आमच्या लोकांत लग्नं जमवायला ती पुढे असते, आणि कुणी चुकून जन्मवेळ विचारली तर ती त्यांना असं बघते की परत विचारायची हिंमत होत नाही. पण जुळवायला काहीतरी लागतंच. म्हणून आत्या रक्तगट जुळवते. तिचा नियम असा की नवरा-बायकोचा रक्तगट एक असू नये, वेगळा असावा, म्हणजे मुलं सुदृढ होतात. हे तिला कुणी सांगितलं ते तिलाही आठवत नाही. "आपल्यात पत्रिका नाही, रक्तगट बघतात," असं ती समोरच्या घरी ऐटीत सांगते, आणि आमच्या सगळ्या नात्यात ते आता इतकं मुरलंय की रक्तगट कळल्याशिवाय कुणी मुलगी बघायलाही जात नाही.

ताईचा रक्तगट एबी, त्याचा ओ. आत्याच्या हिशोबानं याहून छान काही असूच शकत नाही.

सरकारी हॉस्पिटलात माझी तपासणी झाली. मशीनवर केलेली, पक्की. एएस निघाली. म्हणजे मी वाहक. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तुला आजार नाही, होणारही नाही, बाकीच्यांसारखंच जगायचं. फक्त लग्न करताना समोरच्याची तपासणी करून घे. आणि मग त्यांनी सहज विचारलं, भावंडं आहेत का, त्यांची तपासणी झाली आहे का.

तिथे मात्र मला धस्स झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ इथे आहे. शाळेत आपण वाटाणा शिकतो. प्रत्येक गुणाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. उंच आणि बुटका अशा दोन प्रती एकत्र आल्या की उंचवालीचं चालतं, बुटकी आत असूनही दिसत नाही. पण काही जोड्यांमध्ये असं दबणं नसतं. दोन्ही प्रती आपापलं काम करतात, मिसळून तिसरंच काही बनत नाही, दोघींचं काम वेगवेगळं दिसतं. याला सहप्रभावी म्हणतात. ताईचंच बघा ना. आई ए, बाबा बी, आणि ताई एबी. तिच्या रक्तपेशींवर ए पण आहे आणि बी पण आहे. आईचं आईकडे आणि बाबांचं बाबांकडे, दोन्ही शाबूत.

हिमोग्लोबिनचंही तसंच. ए आणि एस अशा प्रती असल्या तर दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन बनतं, म्हणून पट्टीवर दोन रेघा. पण गंमत अशी की रिपोर्टवर दोन्ही दिसत असले तरी अंगावर काहीच दिसत नाही, कारण निम्म्याहून जास्त चांगलं असलं की शरीराचं भागतं. म्हणून तर आमच्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं. रक्ताबद्दल आमची अक्कल एवढीच की आईला थकवा आला की सगळे म्हणायचे रक्त कमी आहे, बीट खा, आणि आई बिचारी वर्षानुवर्षं बीट खात आलीये. दोन वाहकांचं लग्न झालं आणि मुलाला दोघांकडून एसच आलं, तर मात्र त्या मुलाला ए मिळतच नाही. त्याच्या पेशी वाकड्या होऊन नसांमध्ये अडकतात आणि दुखणं सुरू होतं.

ते दुखणं मी पाहिलेलं आहे. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भंडाऱ्याला जायचो तेव्हा सगळी पोरं तलावावर आणि दादा घरात खाटेवर, पाय पोटाशी घेऊन. लोक म्हणायचे याला वात आहे. पुढे नागपूरला सिकलसेलचं निदान झालं, पण नातेवाइकांनीही तपासून घ्यावं हे कुणी सांगितलं नाही, गोळ्या सुरू झाल्या, आता तो बराच बरा असतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पण त्याचं ते कण्हणं नाही विसरता येत. तो ओरडायचा नाही. दात आवळून घ्यायचा आणि एका लयीत श्वास सोडायचा, आणि आम्ही बाहेर कैऱ्या खात बसलेलो असायचो.

दादा आईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. म्हणजे एस आमच्याकडे आईकडून आलेलं. म्हणजे ताईकडे असण्याची शक्यता निम्मी. आणि वारज्याचा मुलगा मूळचा गोंदियाकडचा, तिकडेही हे बऱ्यापैकी आढळतं. साखरपुड्याची बोलणी चालली होती. मी त्याच क्षणी ठरवलं की तपासणी झाल्याशिवाय हा साखरपुडा होऊ द्यायचा नाही.

ठरवणं सोपं होतं. घरी सांगितलं तर आई भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "काहून वं, तुले ताईचं लग्न होऊ द्यायचं नाही का?" मुलीकडच्यांनी असले विषय काढायचे नसतात, असं तिचं म्हणणं. मुलीच्या रक्तात काहीतरी आहे एवढं एक वाक्य बाहेर गेलं की वारजेच काय, आख्ख्या पुण्यातली स्थळं बंद होतील, आणि ताईनंतर तू आहेस हेही लक्षात ठेव. बाबा फोर्जिंगच्या कारखान्यातून दमून आले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ऐकत होते.

सगळ्यात अवघड ताई निघाली. ती म्हणाली मला तपासायचंच नाही. मला कळायलाच नको. मी तिला वाटाण्यापासून सगळं समजावलं, चित्रं काढून दाखवली, व्हिडिओ पाठवले, आणि ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बरं. चार-पाच दिवस हे चाललं. मग एकदा ती ऑफिसला निघाली होती, दारात चप्पल घालत होती, आणि मी वैतागून विचारलं की तू ऑफिसात फाइल न वाचता पुढे पाठवतेस का गं.

तिनं चपलेचा पट्टा लावला आणि गेली. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं जाऊन रक्त दिलं, हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं.

एएस. माझ्यासारखंच.

आता प्रश्न वारज्याचा. त्यांना कोण सांगणार? आई नाही, बाबा नाही, माझं तर कुणी ऐकणारच नाही. एकच माणूस असा होता की ज्याच्या तोंडून आलं तर ते बोलणं समजलं जाईल, भांडण नाही. आत्या. आणि आत्याला तर वाटत होतं की रक्ताचं सगळं तिनं बघून झालंय.

मी शनिवारी दुपारी तिच्याकडे गेले. भंडाऱ्याहून आलेली लाखोळीची डाळ सुपात घेऊन ती निवडत बसली होती. मी विषय काढल्या काढल्या तिनं हात झटकला. एबी आणि ओ, मी स्वतः खात्री केली आहे, आता तू कॉलेजात जातेस म्हणून मला शिकवू नकोस. मला खरं तर राग आला होता. रक्तगट वेगळा असला की झालं, हे किती चुकीचं आहे यावर मी बसमध्ये आख्खं भाषण तयार केलं होतं. पण तिच्यासमोर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ही बाई चुकीच्या ठिकाणी का होईना, पण बघतेय तर रक्ताकडेच. ग्रहांकडे बघत नाहीये. अर्धा रस्ता ती आधीच आलेली आहे.

मग मी भाषण सोडलं. स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणले आणि फरशीवर बसले. म्हटलं आत्या, तांदूळ म्हणजे चांगली प्रत, डाळ म्हणजे ती दुसरी. आई एक दाणा देते, बाप एक देतो. तांदूळ-तांदूळ, काही नाही. तांदूळ आणि डाळ, म्हणजे मी, दोन्ही दिसतात पण त्रास नाही. डाळ आणि तांदूळ, परत तेच, फक्त उलट बाजूनं आलेलं. आणि मग मी डाळीचे दोन दाणे एकत्र ठेवले.

आत्या वाकून बघत होती. तिनं त्या शेवटच्या जोडीवर बोट ठेवलं. "हा तुह्या मामाचा पोरगा का?"

मी हो म्हटलं.

दादाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं, मंडपामागे गोधडीत गुंडाळलेला, वऱ्हाडाच्या गडबडीत विसरलेला. मग तिनं विचारलं की यात रक्तगट कुठे आला. मी सांगितलं की रक्तगट वेगळ्या जागी असतो, त्याचं यावर काही चालत नाही. ताईचं मूल ए होईल नाहीतर बी होईल, पण त्यावरून डाळ-तांदळाचं काहीच कळणार नाही.

"म्हणजे आतापावतो मी जे लग्नं जमवले..." असं म्हणून ती थांबली. आधी तिनं डाळीचे दाणे उचलून सुपात टाकले, तांदूळ वेगळे करून वाटीत टाकले, कारण अन्न वाया घालवायचं नाही. मग हात पुसले आणि मला म्हणाली, "वारज्याले फोन लाव. आपण उद्या येतो म्हणाव."

मला वाटलं होतं वारज्याला आत्या गोल गोल बोलेल. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली, आणि चहा यायच्या आत तिनं सुरुवात केली. आम्ही पत्रिका बघत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आम्ही रक्त बघतो. मुलीचं बघून झालं, त्यात हे असं असं निघालं, ते सांगायला आलोय. आता मुलाचंही बघायचं आहे. जसं काही आमच्यात पिढ्यान्पिढ्या हीच रीत आहे. मी शेजारी बसून तोंड उघडायचं नाही असं मला दम देऊन आणलं होतं, म्हणून मी नुसती चिवडा खात होते.

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलीत दोष आहे असंच ना."

"दोष नाही," आत्या म्हणाली. "आमच्याकडे काय आहे ते आम्हाले माहीत आहे. तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाले माहीत नाही. एवढाच फरक आहे, बाई."

मग मुलगा, जो तोवर दाराला टेकून उभा होता, त्यानं मला विचारलं की तपासणी कुठे होते आणि उपाशी जावं लागतं का. मी चिवडा गिळून सांगितलं की उपाशी जावं लागत नाही. तो म्हणाला ठीक आहे, उद्याच जातो. त्याच्या आईनं त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं हा उद्या काही जात नाही. पण तो गेला.

रिपोर्ट त्यानं आधी ताईला पाठवला, मग स्वतःच्या घरी दाखवला. मेसेजमध्ये लिहिलं होतं, माझ्याही दोन रेघा आहेत.

आता माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. दोघं वाहक, म्हणजे दर वेळी मुलाला दोन्ही एस येण्याची शक्यता चारात एक. मग हे लग्न करायचं नाही, विषय संपला. पुण्यात मुलांची काय कमी आहे, ताईनं एखादा तांदूळ-तांदूळवाला शोधावा. मी तिला हे इतक्या पटकन सांगितलं की मला वाटतं माझं वाक्य संपायच्या आत ती उठून आत गेली होती. आणि गंमत म्हणजे आता आईही माझ्या बाजूला आली. जी आई तपासणीच नको म्हणत होती तीच म्हणायला लागली की हे स्थळ मोडा. दादाच्या लहानपणी तिनं माहेरी जाऊन त्याच्या उशाशी बसून काढलेले दिवस तिला आठवत होते. माझ्या नातवाचं मी तसं बघू शकणार नाही, असं ती बाबांना परत परत सांगत होती.

ताई ऑफिसला जायची, यायची, जेवायची. फोन आला तर घेत होती, पण गॅलरीत जात नव्हती.

मग मी दादाला फोन केला. मला वाटलं ताई त्याचं ऐकेल. ज्यानं सगळं भोगलंय त्यानंच सांगितलं तर तिला पटेल. दादा दुकानात होता, मागे कुणाची तरी रिंगटोन टेस्ट होत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं तू ताईला समजाव.

"काय समजावू?" त्यानं विचारलं. "माझ्यासारखा होऊ नये म्हणून लग्न मोड, असं?"

खरंच, मी हेच म्हणत होते. वर त्यालाच फोन करून.

"तुह्यं चूक नाही," तो म्हणाला. "हे दुखणं कोणाले नाही पाहिजे. मले बी नाही पाहिजे. पण मी म्हणजे नुसतं दुखणं नाही ना वं. ताईले म्हणाव, तिनं ठरवावं. मले विचारलं त एवढंच सांगीन की साखरपुडा केला त थंडीत करू नका, मले पुण्याची थंडी भारी पडते."

हे मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलाला घेऊन हॉस्पिटलात समुपदेशनाची वेळ घेतली. मला येऊ नको म्हणाली. मी तरीही गेले, फक्त बाहेर बाकावर बसले.

बाहेर आल्यावर ते मला घेऊन समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच बाळाची तपासणी करता येते. ती करायची की नाही आणि आलेल्या उत्तराचं पुढे काय करायचं, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं, आणि ते सोपं नसतं. मूल जन्मल्यावर लगेच उपचार सुरू केले तर आता पूर्वीपेक्षा खूप काही करता येतं हेही सांगितलं होतं. ताई हे सगळं मला अशा आवाजात सांगत होती जसं एखादं परिपत्रक वाचून दाखवतेय. तो मुलगा शेजारी बसून बिस्किटं बुडवत होता, आणि त्याचं अर्धं बिस्कीट चहात पडलं तरी त्याला कळलं नाही.

त्याच रविवारी ताईनं घरी सांगितलं की ती हे लग्न करणार आहे. आई रडायला लागली. म्हणाली एवढं सगळं कळल्यावरही? मग कळून काय उपयोग झाला?

ताईनं आईचा हात धरला. "आई, मामा-मामींना माहीत नव्हतं. तुलाही माहीत नव्हतं, बाबांकडून ए आलं म्हणून आम्ही वाचलो. मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. मी बघून करतेय."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं. ताईनं माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता दुसरा हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा. मी तोंड मिटलं. खरं सांगू का, मला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता. आजही मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण मी अडून बसले होते ते तपासणीसाठी, आणि ती झाली होती. तिचं उत्तर मला हवं तेच यायला पाहिजे असं कुठे ठरलं होतं. पुढे बाळाची तपासणी झालीच तर मी तिच्याबरोबर जाणार, मग काहीही निघो, एवढं मात्र मी तिला तिथेच सांगून टाकलं, हात वर असतानाच.

साखरपुडा जानेवारीत ठरत होता. ताईनं तो फेब्रुवारीच्या शेवटावर नेला. वारज्याच्या लोकांनी कारण विचारलं तर म्हणाली माझ्या भावाला थंडी सोसत नाही. संपलं. तारीख बदलली.

हडपसरच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, आणि जेवणं सुरू व्हायच्या आत आत्याकडे एक बाई आपल्या मुलीचा बायोडेटा घेऊन आल्याच. आत्यानं तो हातात घेतला, नजर फिरवली, रक्तगटावर थांबली आणि म्हणाली, "हे ठीक आहे. पण दुसरं कुठाय?" त्या बाईंना कळेना. आत्यानं मला हाक मारली, की इकडे ये आणि यांना डाळ-तांदूळ सांग. मग मी पंगतीच्या कडेला उभी राहून कुणाच्या तरी ताटातला भात घेऊन सांगितलं. बोटांना वरण लागलं होतं, तरी सांगितलं.

दादा आला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर सुद्धा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात पाण्याची मोठी बाटली. आईनं त्याला पंख्यापासून लांब खुर्ची दिली होती. मी हात धुऊन वळले तर नवरदेव, म्हणजे आमचे भावी भावजी, त्याच्या शेजारी जाऊन बसलेले. फेटा काढून मांडीवर ठेवलेला. ते दादाला विचारत होते की दुखणं पहिल्यांदा कधी सुरू झालं होतं, कसं ओळखायचं.

"कोणाचं कधी, कोणाचं कधी," दादा सांगत होता. "पण पाणी पाजत जा लेकराले, तहान लागो का न लागो. थंडीत टोपी. ताप आला त वाट पाहू नका, सरळ दवाखाना. आन शाळेतल्या मास्तरले आधीच सांगून ठेवा. माह्या मास्तरले कोणी सांगितलं नव्हतं."

भावजी ते मोबाइलवर लिहून घेत होते. एका बोटानं, हळूहळू. मला जाम इच्छा झाली की पुढे होऊन म्हणावं, अहो, चारात एक, होईलच असं नाही, चारात तीन शक्यता न होण्याच्याच आहेत. मी एक पाऊल टाकलं सुद्धा.

तेवढ्यात ताई साडी सावरत आली, एक खुर्ची ओढली आणि त्या दोघांमध्ये बसली. "टोपीनंतर काय म्हणालास?" तिनं दादाला विचारलं.